शक्यतो समतल

व्यावसायिक लीगमधला पहिला सामना आमच्या क्लबाने पाच-शून्य असा गमावला, पण त्या पाचांतले दोन गोल आमच्याच माणसांनी केले होते. म्हणजे समोरच्यांच्या नावावर खरे तीनच. ही गोष्ट मी दुसऱ्या दिवशी पोलादपूरच्या एस.टी. स्टँडसमोर निदान तीस माणसांना समजावून सांगितली. तिसांपैकी एकालाही ती पटली नाही. नववीच्या वर्गाला समास शिकवतानाही माझी एवढी निराशा कधी झाली नव्हती.

मी क्लबाचा चिटणीस. फुटबॉल मला कळत होता अशातला भाग नाही. पण आमच्याकडे कुठलंही मंडळ निघालं की आधी अर्ज लिहिणारा माणूस शोधतात, आणि नाते गावच्या हायस्कुलात पंचवीस वर्षं मराठी शिकवणारा साळवी सर, म्हणजे मी, या बाबतीत दोन तालुक्यांत मान राखून आहे. कल्पना होती हैबतरावांची. हैबतरावांचं पोलादपूरला हायवेवर हॉटेल आहे आणि तिथल्या टीव्हीवर फुटबॉल बघता बघता त्यांच्या मनात आलं की आपल्या डोंगरातली पोरं मुंबईत दुसऱ्यांच्या टीममधून खेळतात, मग आपलीच टीम का नसावी. विचार वाईट नव्हता. ‘सह्याद्री-सागर व्यावसायिक फुटबॉल लीग’मध्ये आठव्या संघाची जागा रिकामी होती. हैबतराव अध्यक्ष झाले, मी अर्ज लिहिला, आणि अर्ज इतका चांगला झाला की जागा आम्हाला मिळाली. तिथेच थोडा वाईट लिहिला असता तर पुढचं सगळं टळलं असतं.

क्लबाच्या नावात महाड आधी की पोलादपूर आधी यावर पहिले तीन आठवडे गेले. शेवटी जर्सीच्या पुढे ‘महाड-पोलादपूर’ आणि पाठीवर ‘पोलादपूर-महाड’ असं छापलं. त्यामुळे लीगच्या पहिल्या पत्रकात आमचे दोन संघ दाखवले गेले होते, आणि काही काळ दोन्ही एकाच वेळी हरत होते.

व्यावसायिक म्हणजे खेळाडूंना दरमहा पगार, लेखी करार, आणि कराराखाली चिटणिसाची सही. या सहीने माझी झोप उडवली. कारण आमचा सगळ्यात चांगला खेळाडू मोरू हा भिवंडीच्या एका गोदामातली नोकरी सोडून आला होता, आणि त्याला आणायला मी स्वतः पोलादपूरच्या वरच्या वाडीत दीड तास डोंगर चढून गेलो होतो. त्याची आई राहीबाई अंगणात नाचणी पाखडत होती. मी तासभर बोललो. ती पाखडत राहिली. शेवटी सूप खाली ठेवून म्हणाली, “गुरुजी, मला यातलं काय कळत नाय. तुम्ही म्हणता म्हणून ठेवते त्याला. पण मुंबईची जागा एकदा गेली की परत गावत नाय, येवढं ध्यानात असू द्या.”

मी म्हणालो, “राहीबाई, क्लब बंद पडू देणार नाही, शब्द देतो.” असे शब्द देताना माणूस डोंगर चढून दमलेला असतो, हे कुणी लक्षात घेत नाही. गोदामाच्या सुपरवायझरने मोरूची जागा हंगाम संपेपर्यंत धरून ठेवायचं कबूल केलं होतं, आणि दर आठवड्याला तो फोन करून विचारत असे, “कधी येतोस?” लीगचा नियम असा की चौदा सामन्यांनंतर जो संघ तळाला राहील तो लीगमधून बाद. बाद म्हणजे क्लब संपला, करार संपले, आणि अठरा पोरं पुन्हा मुंबईच्या गाडीत.

तर पहिला सामना. तो रोह्याला होता आणि आमचे समर्थक दोन टेम्पो भरून आले होते. आमच्या मुलखात पोर चालायला लागलं की कबड्डी खेळतं. बचावाला असलेला सोमा तर पोलादपुरात कबड्डीच्या उजव्या कोपऱ्यातला नावाजलेला गडी. रोह्याचा एक खेळाडू चेंडू घेऊन त्याच्या बाजूने निघाला तेव्हा सोमाने बारा वर्षांच्या सवयीने जे करायचं तेच केलं. तो खाली बसला आणि त्या माणसाचा घोटा धरला. पकड एवढी सुंदर होती की आमचे दोन्ही टेम्पो उभे राहून टाळ्या वाजवू लागले. पंचांनी लाल कार्ड दाखवलं. सोमा कार्डाकडे बघत प्रामाणिकपणे म्हणाला, “पण त्याने रेषेला हात लावला नाय ना.”

दुसरा सामना हरलो. तिसराही हरलो, पण तिसऱ्यात पंचांनी आमच्याविरुद्ध एक हँडबॉल दिला, तो माझ्या मते खांद्याला लागला होता. मी लीगकडे पत्र लिहिलं. सरळ तक्रार करणं माझ्या स्वभावात नाही. मी पंचांची स्तुती केली. ‘धन्य ते पंच, ज्यांना चेंडू जिथे नाही तिथेही हात दिसतो,’ अशी त्यातली दोन-तीन वाक्यं मला आजही आवडतात. बाहेरून स्तुती, आतून निंदा, याला व्याजस्तुती म्हणतात. पंचवीस वर्षं मी हा अलंकार शिकवतोय. दुर्दैवाने लीगच्या कार्यालयात कुणीतरी मराठी घेऊन बी.ए. झालेलं होतं. उलट टपाली उत्तर आलं: ‘आपल्या दिनांक अमुकच्या पत्रात व्याजस्तुती अलंकार आढळून आल्याने आपणांस उर्वरित हंगामात कोणत्याही सामन्याच्या वेळी मैदानाच्या हद्दीत प्रवेश करण्यास मनाई करण्यात येत आहे.’

मी ते पत्र बायकोला वाचून दाखवलं. ती भाकरी थापत होती. म्हणाली, “पंचवीस वर्षांत तुमच्या एका तरी मुलाने ओळखला होता का तो अलंकार?”

नव्हता ओळखला. खरं सांगायचं तर अपमानाच्या खाली कुठेतरी मला बरंही वाटलं होतं. पण चिटणिसाने कंपाउंडबाहेर उभं राहून आपलाच संघ बघायचा, आणि येणाऱ्या-जाणाऱ्याने “सर, आत का नाय गेलात?” असं विचारायचं, हे काही शोभत नाही. मी “बाहेरून जास्त चांगलं दिसतं” असं सांगत असे. लोक माझ्या शेजारी येऊन उभे राहत आणि म्हणत, “नाय हो, काय दिसत नाय.”

हरणाऱ्या संघाला सल्ले फुकट मिळतात. शेजारचे निवृत्त पोस्टमास्तर म्हणाले, गोलकीपर दोन ठेवा. माझ्या मेहुण्याने जर्सीचा रंग अशुभ ठरवला. आणि हैबतराव, म्हणजे साक्षात अध्यक्ष, खेडच्या सामन्याच्या सकाळी म्हणाले, “पोरं आखडली आहेत. सव गावच्या गरम पाण्याच्या कुंडात नेऊ. अंग मोकळं झालं की बघा कशी पळतात.” आमचा प्रशिक्षक मालोजी हा कोल्हापूरचा माणूस, त्याने विरोध केला. पण अध्यक्ष हे अध्यक्ष. संघ सवला गेला. पोरं तास-दीड तास कुंडात बसली. अंग मोकळं झालं, इतकं मोकळं झालं की खेडपर्यंत सगळी एकमेकांच्या खांद्यावर डोकं टाकून झोपली. दुपारी चारला सामना सुरू झाला तेव्हा आमचा गोलकीपर जांभई देत होता, आणि ती जांभई पुरी व्हायच्या आत पहिला गोल झालेला होता. असे पुढे आणखी पाच झाले.

त्या दिवशी संध्याकाळी मालोजीने बॅग भरली. “सर, पोरांच्यात ताकद हाय, दम हाय,” तो म्हणाला, “पर चेंडूची आनि त्यांची अजून वळखच झालेली न्हाई. मला माफी करा.” आणि जाताना तो गोलकीपरलाही घेऊन गेला, कारण गोलकीपर त्याच्या आत्याचा मुलगा होता. सात सामने झाले होते. एक बरोबरी, सहा पराभव. आम्ही तळाला होतो, आणि सातवा संघ आमच्यापासून इतका वर होता की त्याच्याकडे बघायला मान वर करावी लागत होती.

नवा प्रशिक्षक शोधायला वेळ नव्हता. हैबतरावांच्या हॉटेलात आम्ही दोघं चहा पुढे ठेवून बसलो होतो. त्यांनी विचारलं, “सर, तुमच्या शाळेत त्या वैशाली मॅडम आहेत ना, त्या म्हणे विद्यापीठाकडून फुटबॉल खेळल्यात.”

मी चहा ढवळायला लागलो. त्याचं कारण सांगायला हवं. वैशाली मॅडम आमच्याकडे शारीरिक शिक्षण शिकवतात, आणि माझा अभ्यासक्रम कधीच वेळेत संपत नाही. त्यामुळे गेली नऊ वर्षं मी त्यांचा पी.टी.चा तास मागून घेत आलो होतो. मागून घेत म्हणजे वर्गात जाऊन “आज मैदान नाही, पुस्तकं काढा” असं सांगत. त्या दारात शिटी गळ्यात अडकवून उभ्या असत, आणि मी त्यांच्याकडे न बघता फळ्यावर ‘प्रयोग’ असं लिहीत असे. त्या विद्यापीठाकडून खेळल्या होत्या हे मला नऊ वर्षांत ठाऊक नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी शिक्षकांच्या खोलीत त्यांच्यासमोर जाऊन बसलो. सगळं सांगितलं. मोरूचं, राहीबाईचं, शब्दाचं. त्यांनी ऐकून घेतलं.

“येते मी,” त्या म्हणाल्या. “एक अट आहे.”

“बोला.”

“पी.टी.चा तास यापुढे कधीही घेणार नाही, असा अर्ज मुख्याध्यापकांच्या नावे लिहून द्या. तुमच्या हस्ताक्षरात.”

आयुष्यात हजारभर अर्ज लिहिले असतील. हा एक लिहायला मला दोन दिवस लागले. त्यात एकही अलंकार नव्हता.

वैशाली मॅडमनी पहिल्या दिवशी चेंडू बाहेर काढलाच नाही. त्यांनी पोरांना कबड्डी खेळायला लावली आणि स्वतः वही घेऊन बसल्या. हैबतराव मला कोपऱ्यात घेऊन म्हणाले, “सर, यांना सांगितलंय ना आपला खेळ कोणता आहे?” तासाभराने मॅडमनी सोमाला बोलावलं.

“सोमा, तू गोलकीपर.”

“मी? मला तर कार्ड मिळालं होतं.”

“घोटा धरलास म्हणून मिळालं. आता तुला हात लावायची मुभा आहे. समोरून माणूस आला की माणूस बघायचा नाही. त्याच्या पायात जे गोल आहे तोच घोटा समजायचा आणि धरायचा.”

सोमाने आपले दोन्ही पंजे उलटसुलट करून बघितले. मग म्हणाला, “मॅडम, हे आधी कुणी सांगितलं असतं तर.” त्या दिवसापासून तो समोरच्यांच्या पायांत अशा झेपा टाकू लागला की बघणाऱ्याचा श्वास अडकावा.

राहिलं मैदान. खरं तर ते पहिल्यापासूनच राहिलं होतं. पोलादपूरच्या खाली नदीकाठी महिपती नावाच्या शेतकऱ्याची दोन भाताची शेतं आहेत, एक वर, एक दीड हात खाली. मधला बांध फोडून त्याने आम्हाला भात कापल्यावर मैदान करून दिलं होतं. बांधाच्या जागी उतार राहिला होता, म्हणजे मैदानाचा अर्धा भाग वर, अर्धा खाली, आणि मध्यरेषा बरोबर उतारावर. शिवाय खालच्या टोकाला महिपतीने नऊ मीटरच्या पट्ट्यात वाल पेरला होता. “भाताच्या ओलीवर वाल नाय पेरायचा तर काय पेरायचं?” असं त्याचं म्हणणं. त्यामुळे लांबी कमी भरत होती, लीगने मैदान नामंजूर केलं होतं, आणि आमचे घरचे सामनेही आम्ही दुसऱ्यांच्या दारात जाऊन हरत होतो.

मी अर्ज करून करून पुन्हा तपासणी मंजूर करून घेतली. लीगचे निरीक्षक घारे साहेब टेप घेऊन आले. सामना नव्हता, त्यामुळे मला हद्दीत उभं राहता आलं. साहेबांनी मोजलं, चष्मा पुसला आणि म्हणाले, “हे मैदान नाही हो. हा वालाचा वाफा आहे.”

महिपती बांधावर विडी ओढत बसला होता. तो उठला. सावकाश जवळ आला. “साहेब, परत बोला.”

“म्हणजे, खेळाच्या दृष्टीने,” घारे साहेब जरा मागे सरले, “याला मैदान म्हणता येत नाही.”

“माझ्या आज्यापासनं या जमिनीला कुणी नाव ठेवलं नाय,” महिपती म्हणाला. एवढं बोलून तो वालाच्या पट्ट्यात गेला आणि खाली वाकला. वालाला शेंगा धरल्या होत्या, अजून हिरव्या होत्या, काढायला महिनाभर अवकाश होता. त्याने एकेक वेल मुळासकट उपटायला सुरुवात केली. “अरे महिपती, राहू दे,” असं मी म्हणालो, पण फार मोठ्याने म्हणालो नाही. मग त्याची बायको ठमाबाई आली. नवऱ्याकडे बघितलं, आमच्याकडे बघितलं, काही न विचारता पदर खोचला आणि दुसऱ्या टोकाने उपटायला लागली. ते बघून सोमा वाकला, मोरू वाकला, सगळी टीम वाकली. अर्ध्या तासात पट्टा मोकळा झाला. “आता मोजा,” महिपती म्हणाला.

घारे साहेबांनी मोजलं. लांबी बरोबर भरली. त्या हिरव्या शेंगा मडक्यात भरून, भोवती जाळ करून तिथेच पोपटी लावली, आणि घारे साहेबांनीही दोन मुठी खाल्ल्या. खाता खाता त्यांची नजर मध्यरेषेवर गेली. “पण हा उतार? नियम चार, पोटनियम दोन. मैदान समतल हवं.”

मी नियमपुस्तिका उघडली. पंचवीस वर्षांची नोकरी त्या एका क्षणासाठी केली होती असं मला वाटतं. पुस्तिकेत लिहिलं होतं: ‘मैदान शक्यतो समतल असावे.’

“साहेब,” मी म्हणालो, “हा ‘शक्यतो’ शब्द वाचलात का?”

“त्याचं काय?”

“क्रियाविशेषण अव्यय आहे. ते ‘असावे’ या क्रियापदाची सक्ती काढून घेतं. ‘मैदान समतल असावे’ हा नियम झाला. ‘मैदान शक्यतो समतल असावे’ ही इच्छा झाली. लीगची इच्छा आम्हाला मान्य आहे. पण शक्य झालं नाही.”

घारे साहेब म्हणाले, हे कार्यालयाला लेखी कळवा. मी कळवलं. सात पानं झाली. ‘शक्यतो’ची व्युत्पत्ती, अर्थ, रोजच्या बोलण्यातली वीस उदाहरणं, आणि शेवटी प्रश्न, की ‘शक्यतो लवकर ये’ असं सांगितलेल्या माणसाला उशीर झाला म्हणून घराबाहेर काढतात का. यावेळी निंदा नाही, स्तुती नाही, नुसतं व्याकरण. आठ दिवसांनी पत्र आलं. मैदान मंजूर. खाली, शाईच्या पेनाने, बहुधा त्याच बी.ए. झालेल्या माणसाने, लिहिलं होतं: ‘पृष्ठ पाचवरील विवेचन आवडले.’ ते पत्र मी फ्रेम करून घेतलं आहे. बायको म्हणते बैठकीत लावू नका. मी बैठकीतच लावलं आहे.

त्यानंतर जे झालं त्याचं श्रेय वैशाली मॅडमचं. ज्या उतारामुळे मैदान बाद होणार होतं, त्याच्यावर त्यांनी पोरांना महिनाभर नाचवलं. चेंडू उतारावर कुठे टप्पा घेतो, कुठे अडतो, वरून खाली किती जोराने मारला की कुठे थांबतो, हे पोरांना पायांनी पाठ झालं. सपाट मैदानावर वाढलेले पाहुणे येत आणि आपलाच चेंडू आपल्यापासून पळून जाताना बघत उभे राहत. शिवाय आमची पोरं डोंगरात वाढलेली. सत्तराव्या मिनिटाला पाहुणे कमरेवर हात ठेवत, तेव्हा आमची नुकती घाम गाळायला लागलेली असत. अलिबागला हरवलं. पेणशी बरोबरी. चिपळूणला हरवलं, आणि त्या दिवशी हैबतरावांनी हॉटेलात आलेल्या प्रत्येक ट्रक ड्रायव्हरला उठवून स्कोअर सांगितला. सहा सामन्यांत तीन जिंकलो, तीन बरोबरीत सोडवले. तरी तळालाच होतो. पहिल्या सात सामन्यांनी खड्डाच एवढा खणून ठेवला होता. आमचे तेरा गुण, खेडचे पंधरा. खेडचे सामने संपले होते. आमचा एक राहिला होता, घरच्या मैदानावर, पहिल्या नंबरच्या पनवेलशी. जिंकलो तर तीन गुण आणि राहिलो. बरोबरीसुद्धा उपयोगाची नव्हती.

एप्रिलचा रविवार, दुपारचे चार. दोन तालुक्यांतून माणसं आली होती. बांधावर, झाडांवर, महाबळेश्वरकडे जाणाऱ्या रस्त्याच्या कठड्यावर माणसंच माणसं. मला हद्दीत मनाई, म्हणून मी महिपतीच्या पेंढ्याच्या उडवीवर चढून बसलो होतो. चिटणिसाला उडवी शोभते का हा प्रश्न मी त्या दिवसापुरता सोडून दिला होता. उडवीच्या खाली राहीबाई बसली होती. वाडीवरून ती पहिल्यांदाच सामना बघायला उतरली होती. मांडीवर मोरूची पिशवी, पिशवीत त्याचे कपडे, चपला आणि फोन.

“गुरुजी, आपला कंचा गोल?” तिने विचारलं.

“आता वरच्यात मारायचा. मध्यंतरानंतर खालच्यात.”

“मधीच बदलतात? मग पोरांना कसं कळायचं?”

नाणेफेक आम्ही हरलो, त्यामुळे पहिल्या अर्ध्यात चढावर खेळत होतो. विसाव्या मिनिटाला पनवेलने गोल केला. बांधावरची माणसं अशी शांत झाली की नदीचं पाणी ऐकू आलं. मध्यंतरात वैशाली मॅडम पोरांशी काय बोलल्या ते मला उडवीवरून ऐकू आलं नाही. नंतर सोमाने सांगितलं. त्या म्हणाल्या होत्या, “आता उतार आपला आहे. घरी जाताना पळता तसं पळा.”

पासष्टाव्या मिनिटाला मोरूने गोल केला. उतारावरून आलेला चेंडू पनवेलच्या माणसाच्या अंदाजापेक्षा वीतभर जास्त उडाला, आणि मोरूला ती वीत ठाऊक होती. एक-एक. पुढची वीस मिनिटं आम्ही नुसते धडका देत राहिलो. चेंडू खांबाला लागला, गोलकीपरच्या गुडघ्याला लागला, एकदा पंचांना लागला. आणि शेवटची दोन मिनिटं उरली असताना पनवेलचा एक खेळाडू एकटाच वर आला, आमच्या बचावपटूने त्याला पाडलं, आणि पंचांनी पेनल्टी दिली. या वेळी मात्र दिलेली पेनल्टी बरोबर होती. मी उडवीवरून साफ बघितली होती. पत्र लिहिण्यासारखं काही नव्हतं.

मी डोळे मिटले. हे चिटणिसाला शोभणारं नाही, पण मिटले. फटका ऐकू आला. मग काहीच ऐकू आलं नाही. डोळे उघडले तर सोमा जमिनीवर आडवा, छातीखाली चेंडू, दोन्ही हातांनी आवळून धरलेला. आणि तो उठेना. सगळी टीम ओरडत होती, “सोम्या, उठ, सोम्या.” तो सवयीने शिटीची वाट बघत होता. पकड झाली की शिटी वाजेपर्यंत सोडायचं नाही, हे त्याच्या रक्तात होतं. रेषेबाहेरून वैशाली मॅडमचा आवाज आला, अगदी वर्गात बोलतात तसा. “सोमा, तो बाद झालाय. आता चढाई आपली.”

सोमा उठला. दोन पावलं पुढे आला आणि त्याने चेंडू हाताने असा फेकला की तो वरचं शेत ओलांडून थेट उतारावर पडला. पनवेलचा शेवटचा माणूस तिथे उभा होता, चेंडू छातीवर घ्यायच्या तयारीत. चेंडू उतारावर आपटून त्याच्या डोक्यावरून गेला. त्याच्या मागे मोरू आधीच पळत सुटला होता, चेंडूकडे न बघता. तो कुठे पडणार हे त्याला माहीत होतं. तो तिथेच पडला. मोरूने तो डाव्या पायाने गोलकीपरच्या बगलेतून आत ढकलला.

त्यानंतरचं मला नीट आठवत नाही. उडवी घसरली की मी घसरलो याबद्दल महिपतीचं आणि माझं अजून एकमत नाही. पेंढ्यातून डोकं वर काढलं तेव्हा शिटी वाजली होती आणि मैदानावर गर्दी लोटली होती. हैबतराव घारे साहेबांच्या गळ्यात पडले होते. ठमाबाई आणि महिपती, बांधावर कोणी बघत नाही असं समजून, एकमेकांचे हात धरून उभे होते. पोरांनी वैशाली मॅडमना खांद्यावर घ्यायचा प्रयत्न केला, त्यांनी शिटी वाजवली, पोरं शिस्तीत दोन पावलं मागे झाली, आणि मग त्या हसल्या आणि म्हणाल्या, “बरं, उचला.” मी त्या गर्दीत गेलो नाही. बंदी उर्वरित हंगामासाठी होती, आणि हंगाम शिटीबरोबर संपला की पंचांच्या सहीबरोबर, हा मुद्दा संदिग्ध होता. मी कानातला पेंढा काढत राहीबाईशेजारी बसलो.

“झालं का गुरुजी?”

“झालं राहीबाई. राहिलो आपण. पुढच्या वर्षीही आहे क्लब.”

ती मैदानाकडे बघत होती. मोरू माणसांच्या डोक्यांवरून इकडून तिकडे जात होता, एक बूट पायात, एक कुणाच्या तरी हातात. तेवढ्यात मांडीवरच्या पिशवीत फोन वाजायला लागला. तिने फोन बाहेर काढून माझ्यापुढे धरला. गोदामाच्या सुपरवायझरचं नाव होतं. मी हात पुढे केला, पण तिने फोन दिला नाही. हिरवं बटण कुठलं एवढंच विचारलं, आणि ते दाबून फोन तोंडाजवळ, पान खाण्यासारखा धरला.

“कोण? मोरू नाय. मी त्याची आय बोलते.”

पलीकडून बराच वेळ काहीतरी चाललं होतं. जागा, सोमवार, दुसरा माणूस, असे शब्द मला ऐकू आले. राहीबाईने ते सगळं नीट ऐकून घेतलं.

“नाय, आत्ता नाय बोलायचा तो,” ती म्हणाली. “कामावर हाय.”